प्रिय जवानदादा, द्वारा ५६ एपीओ

आषाढ सरत आला की आमच्या भागातल्या शाळेत एक ठरलेली लगबग सुरू होते. चित्रकलेच्या वहीतले कागद दुमडून शुभेच्छापत्रे तयार होतात, त्यांच्यावर तिरंगे, बर्फाचे डोंगर आणि बंदूकधारी जवान रंगवले जातात, आत राख्या टाचल्या जातात आणि हा सगळा ऐवज सीमेवर धाडण्यासाठी जाड खाकी पाकिटांत भरला जातो. आमच्या शेजारच्या बाई त्या शाळेत शिकवतात. त्यामुळे पाकिटांना डिंक लागण्यापूर्वी मजकुरावरून एकदा नजर फिरवण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आले आहे. शुद्धलेखनाच्या चुका मी फारशा काढत नाही, कारण ‘शूर’मधला उकार ऱ्हस्व झाल्याने कोणाचे शौर्य उणावत नाही. मात्र एवढी पत्रे एका बैठकीत वाचल्यावर जे जाणवते, ते शुद्धलेखनाहून वेगळे आहे.

जाणवते ते असे की, बहुतेक पत्रे एकच पत्र असतात. ‘तुम्ही सीमेवर डोळ्यांत तेल घालून पहारा देता म्हणून आम्ही घरी सुखाने झोपतो’ हे वाक्य फळ्यावरून थेट कागदावर उतरलेले असते आणि त्याखाली ‘आम्हाला तुमचा सार्थ अभिमान आहे’ हेही. वाक्यात खोटे काही नाही. बाईंचाही दोष नाही, कारण पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येकाला स्वतःचे काही सुचेपर्यंत थांबायचे, तर राखी दिवाळीत पोहोचेल. तरीही मनात येते की, ज्याच्या हाती अशा पत्रांचा गठ्ठा पडेल, त्याने विसावे पत्र उघडावे तरी कशासाठी? ओळखीच्या माणसाचे आभार मानताना आपण त्याने केलेल्या नेमक्या कामाचा उल्लेख करतो. अनोळखी माणसाबद्दल असे नेमके काहीच ठाऊक नसते, म्हणून आपण मोठ्या शब्दांचा आधार घेतो, आणि शब्द जितके मोठे होतात तितका त्यांच्यामागचा माणूस, लिहिणाराही आणि वाचणाराही, दिसेनासा होतो.

अडचण मायन्यापासूनच सुरू होते. वडिलांना ‘तीर्थरूप’, इतर वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’, बरोबरीच्यांना ‘सप्रेम नमस्कार’ आणि धाकट्यांना ‘अनेक उत्तम आशीर्वाद’ अशी चोख व्यवस्था आपल्या पत्रलेखनात आहे, पण ज्याचे नाव, गाव, वय काहीच माहीत नाही त्याला काय लिहायचे? मुले बेधडक ‘फौजीकाका’ लिहितात. सैन्यात साडेसतराव्या वर्षी भरती होता येते, तेव्हा हे ‘काका’ कित्येकदा पत्र लिहिणाऱ्याच्या थोरल्या भावाच्या वयाचे असतात, आणि मिसरूड नुकते फुटलेल्या एखाद्या पोराला आपण एवढ्या लेकरांचे काका झाल्याचे वाचून गंमतच वाटत असेल. ‘जवानदादा’ हे त्या मानाने सर्व वयांना पुरणारे संबोधन आहे आणि राखीच्या नात्यालाही धरून आहे. मी स्वतः लिहिते तेव्हा मात्र ‘चिरंजीव’ असाच मायना घालते. माझ्या वयाला ते शोभते, आणि दीर्घायुष्याचा आशीर्वाद त्या कामावर असलेल्या माणसाला जास्तच द्यायला हवा.

पत्त्याची गोष्ट याहून सुरस आहे. सैनिकाच्या पत्त्यात त्याचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि युनिट असते, आणि शेवटी ‘द्वारा ५६ एपीओ’ किंवा ‘द्वारा ९९ एपीओ’; एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस, सैन्याचे टपाल कार्यालय. गाव नाही, तालुका नाही, राज्य नाही. ढोबळमानाने ५६ हा आकडा पश्चिमेकडचा आणि ९९ पूर्वेकडचा, याहून अधिक काही त्या पत्त्यावरून कळत नाही, आणि कळू नये अशीच ती योजना आहे. पत्र आधी सैन्याच्या मुख्य टपाल केंद्रात जाते. कोणते युनिट सध्या कुठे आहे, याची माहिती तिथे असते. तिथून ते त्या भागातल्या फील्ड पोस्ट ऑफिसात आणि तिथून युनिटच्या डाकवाल्या जवानाच्या पिशवीत पोहोचते. युनिट राजस्थानातून उचलून काश्मीरमध्ये नेले, तरी घरच्यांना पाकिटावर नवे काही लिहावे लागत नाही. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सुरू झाली, तेव्हा देशाचे नऊ विभाग पाडले गेले आणि त्यांतला नववा कोणत्याही प्रदेशाला न देता सैन्याच्या टपालासाठी राखून ठेवला गेला. ही सारी रचना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणातले, संस्कृतात काव्य आणि नाटके लिहिणारे टपालखात्यातील अधिकारी होते. त्याच वर्षी मार्च महिन्यात सैन्याची टपालसेवा स्वतंत्र कोर म्हणून उभी राहिली. तिचे प्रशिक्षण केंद्र आपल्या नागपूरजवळच्या कामठीला आहे, आणि तिच्यात काम करणारी बरीच माणसे आपल्या नेहमीच्या टपालखात्यातूनच गणवेशात गेलेली असतात. म्हणजे काल पेठेत मनीऑर्डरी वाटणारा पोस्टमन उद्या एखाद्या हिमाच्छादित तळावर राख्यांची पाकिटे वेगळी काढत बसलेला असू शकतो. कृतज्ञतेची पत्रे लिहायची झाली, तर त्यांतले एखादे त्याच्याही नावे निघायला हवे.

पत्त्यातली ही गुप्तता मुलांना मानवत नाही. ‘तुम्ही आत्ता कुठे आहात?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, आणि नेमका तोच विचारायचा नसतो, कारण त्याला उत्तर देण्याची समोरच्याला मुभा नसते. तो खोडायला सांगावा लागतो. खोडल्यावर मग मुले खऱ्या प्रश्नांकडे वळतात आणि तिथून पत्रांत जीव येतो. तिसरीतल्या एका मुलाचे पत्र मला जवळजवळ पाठ आहे. घडी घातलेल्या कागदाच्या बाहेर रणगाडा काढला होता, त्याच्या तोफेवर एक कावळा बसवला होता, आणि आत पेन्सिलीने, ओळी उजवीकडे घसरत गेलेल्या, असा मजकूर होता: ‘जवानदादा, तुम्हाला तिकडे पोहे मिळतात का. आमच्या शेळीला दोन पिल्ले झाली. एक काळे आहे. त्याचे नाव तुम्ही ठेवा. पण लवकर कळवा, नाहीतर आजी ठेवेल.’ आभाराचा शब्दही त्यात नव्हता. ‘काहीतरी धन्यवादाचे लिहायला सांगू का?’ असे बाईंनी मला विचारले, तेव्हा मी आग्रहाने नको म्हटले. घरातल्या नव्या जिवाचे नाव ठेवण्याचा मान आपण परक्याला देत नाही, आणि त्या मुलाने तो न मागता देऊन टाकला होता. याउपर आणखी धन्यवाद म्हणजे काय, ते मला तरी सांगता येणार नाही.

छापील मजकुराने हे काम होत नाही, हे जुनेच आहे. १९१४च्या नाताळात, पहिल्या महायुद्धाच्या आघाडीवर, इंग्लंडच्या सतरा वर्षांच्या राजकन्या मेरीच्या नावाने सैनिकांना पितळी डब्या वाटल्या गेल्या. गोऱ्या सैनिकांच्या डबीत तंबाखू आणि सिगारेटी असत. शीख सैनिकांना तंबाखू चालत नाही हे ध्यानात ठेवून त्यांच्या डबीत खडीसाखर आणि मसाल्याची छोटी डबी घातली होती. इतका विचार ज्याने केला त्याचे कौतुकच आहे, पण सोबतचे शुभेच्छापत्र मात्र सर्वांना एकच, नाताळचे आणि छापील. फ्रान्समधल्या चिखलात उभ्या असलेल्या पंजाबातल्या शेतकऱ्याच्या पोराला त्या डबीतले घरचे वाटले असेल, तर ते मसाल्यातलेच.

पत्र पोहोचल्यावर त्याचे पुढे काय होते, ते मला कळले आमच्या मामांकडून. मामा सैन्याच्या सिग्नलमधून, म्हणजे संदेशवहनाच्या विभागातून, हवालदार म्हणून निवृत्त झाले. ते सांगत की, डाक आली की नावांचा पुकारा व्हायचा आणि ज्यांची नावे पुकारली जात नसत ते मुद्दाम दुसऱ्या कामात असल्यासारखे दाखवत. कोणाची आई लिहिता न येणारी, कोणाचे घरी भांडण झालेले, कोणाच्या घरी लिहिणारे कोणी उरलेलेच नाही. ‘जवानदादास’ एवढेच नाव असलेल्या पाकिटांचा उपयोग इथे व्हायचा. त्यांचा सुभेदार ती पाकिटे सर्वांना सारखी वाटत नसे, ज्यांना पुकारा आला नाही त्यांच्या हातात आधी देई. कारगिलच्या वर्षी, १९९९ साली, युद्ध जुलैअखेर संपले आणि त्या श्रावणात राख्यांचा असा लोंढा आला की, मनगटावर जागा उरेना म्हणून काहींनी त्या तंबूच्या दोरांना बांधल्या. मामांचे त्याबद्दलचे मत मात्र रोखठोक होते. युद्ध झाले की देशाला जवान आठवतो, हे ठीकच, पण ज्या वर्षी काहीच घडत नाही त्या वर्षी पहारा काही कमी होत नाही. ‘डिसेंबरात कोणी लिहीत नाही,’ असे ते म्हणत. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. तेव्हा निधी गोळा होतो, शर्टाला छोटा झेंडा टोचला जातो, पण पत्राची आठवण फारशी कोणाला होत नाही, हे मीही पाहते.

आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे आणि रेंज मिळेल तिथे जवानही रात्री घरी मुलाचे तोंड पाहून घेतात. त्यामुळे घरची पत्रे जवळजवळ थांबली आहेत. गंमत अशी की, हाताने लिहिलेला कागद त्यांच्याकडे आता येतो तो बहुधा अनोळखी माणसांकडूनच. पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांना आणि आंतर्देशीय पत्र अडीच रुपयांना मिळते, त्यामुळे खर्चाची सबब कोणाला सांगता यायची नाही. सबब असते ती ‘काय लिहू?’ ही. मोठ्या माणसांनाच ती अधिक छळते, कारण आपल्या रोजच्या जगण्यातले काही त्या माणसापुढे ठेवण्याजोगे आहे, असे त्यांना वाटत नाही. युद्धाबद्दल लिहावे, देशाबद्दल लिहावे, असे वाटते. त्याबद्दल त्याला आपल्याहून अधिक ठाऊक असते. आपल्या गल्लीत गणपतीच्या वर्गणीवरून काय वाद झाला, हे मात्र त्याला ठाऊक नसते. मी ते सविस्तर लिहिते, दोन्ही बाजू मांडून लिहिते आणि शेवटी त्याचे मत विचारते.

भाषेचा प्रश्न अनेकजण काढतात. पत्र मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या एखाद्या पलटणीत गेले तर वाचणारे पुष्कळ, पण ते गढवाली किंवा तमिळ जवानाच्या हाती पडले तर काय? म्हणून शाळा हिंदीत लिहायला लावते आणि मुलांचे हिंदी पुन्हा फळ्यावरच्या वाक्यांपाशी येऊन थांबते. मामांचा अनुभव यावर पुरेसा आहे. त्यांच्या युनिटमध्ये सगळ्या मुलखांतले लोक होते, आणि मराठी पाकीट कोणालाही मिळाले तरी तो ते घेऊन मामांच्या बराकीत येई. मामा मोठ्याने वाचत, मग हिंदीत सांगत, आणि त्या निमित्ताने चारजण भोवती बसत. उत्तरही मामांनाच लिहावे लागे. गढवालच्या एका जवानाला साताऱ्याकडच्या एका मुलीने विचारले होते की, तुमच्याकडे पाऊस कसा असतो. त्याने सांगायला सुरुवात केली ती आपल्या गावच्या पावसापासून, वाहून गेलेल्या पुलापासून, भिजलेल्या गवताच्या गंजीपासून, आणि मामांची दोन्ही पाने भरली तरी तो थांबेना. शेवटी मामांनी समासात आडवे लिहिले: ‘ताई, हा अजून सांगतोच आहे, पण माझा कागद संपला. उरलेले पुढच्या पत्रात. तू आधी तुझ्याकडच्या पावसाचे कळव.’