नानलुओगूश्यांग: मुख्य रस्ता सोडा, आडव्या गल्ल्यांत शिरा

बीजिंगला निघालेल्या प्रत्येकाला कुणी ना कुणी सांगतंच, "नानलुओगूश्यांग हा जुना रस्ता चुकवू नका, जुनं बीजिंग तिथे जसंच्या तसं आहे." आम्हालाही सांगितलं होतं. मेट्रोतून वर आलो आणि समोर दिसली ती काडीवर तळलेल्या स्क्विडची, दुधाळ चहाची आणि फ्रीजवर चिकटवायच्या मॅग्नेटची रांग. गर्दी एवढी, की पाय उचलायचा तो समोरच्याने उचलला तरच. ही गर्दी आजची नाही. २०१६ मध्ये पर्यटनस्थळाचा दर्जा आपणहून सोडून टूर ग्रुपना इथे बंदी घालावी लागली होती. मुख्य रस्ता जेमतेम ८०० मीटरचा आहे. त्यावर वेळ घालवू नका.

बघायचं आहे ते या रस्त्याला दोन्ही बाजूंनी फुटणाऱ्या आठ-आठ हुतोंगांमध्ये, म्हणजे जुन्या अरुंद गल्ल्यांमध्ये. तेराव्या शतकात कुबलाई खानाने राजधानी वसवली तेव्हाची ही आखणी आहे: मधला रस्ता उत्तर-दक्षिण, गल्ल्या पूर्व-पश्चिम. त्यामुळे घरांची तोंडं दक्षिणेला येतात आणि हिवाळ्यातलं तिरपं ऊन थेट मुख्य खोलीत पोचतं.

आता सायकलरिक्षाबद्दल, कारण राग अजून गेलेला नाही. जवळच्या ड्रम टॉवर आणि शिचाहाय तलावांच्या आसपास रिक्षावाले अंगावर येतात. आमच्या रिक्षावाल्याने मोबाइलवर १०० हा आकडा दाखवला, दोघांचा मिळून, असं खुणेने दोनदा पक्कं केलं. तीन-चार गल्ल्या फिरवल्या, एका ओळखीच्या घरात चहाला नेलं आणि उतरताना ३०० युआन मागितले. म्हणे १०० एका माणसाचे, वर घर दाखवल्याचे वेगळे. ३०० युआन म्हणजे साडेतीन हजार रुपयांच्या वर! आवाज चढला, आणखी दोघे रिक्षावाले येऊन उभे राहिले, शेवटी २०० वर सुटका झाली. आणि मिळालं काय, तर रिक्षाच्या छपराखालून दिसलेल्या भिंती. दारं बघायची तर दारासमोर थांबावं लागतं. रिक्षात बसूच नका, घासाघीस करूनही नाही. सगळा परिसर पायी होतो.

दार कसं बघायचं ते सांगतो. आधी उंबरठ्याच्या दोन्ही टोकांचे दगड बघा. ढोलासारखा गोल दगड लष्करी अधिकाऱ्याच्या घराचा, चौकोनी दगड मुलकी अधिकाऱ्याच्या, असं तिथे सांगतात. मग चौकटीवर पुढे आलेले लाकडी खुंट मोजा. मोठ्या घराला चार, साध्याला दोन. दार दर्शनी भिंतीच्या मधोमध नसून आग्नेय कोपऱ्यात असतं, आणि आत लगेच आडवी भिंत, म्हणजे रस्त्यावरून चौक दिसत नाही. चौकाच्या चारही बाजूंना खोल्या, आपल्या वाड्यासारख्याच, फक्त इथे माडी नाही. हेईझिमा हुतोंगमधल्या १३ नंबरच्या दारासमोर मी बराच वेळ उभा होतो. करड्या विटांचे सांधे इतके बारीक, की नखही शिरणार नाही.

बहुतेक चौकांत आता अनेक कुटुंबं राहतात. दारातल्या बोळात विजेच्या मीटरची रांग दिसते. मीटर मोजले की बिऱ्हाडं कळतात. १९७६ च्या तांगशान भूकंपानंतर लोकांनी चौकांत निवाऱ्याच्या खोल्या बांधल्या, त्यातल्या बऱ्याच तशाच राहिल्या. म्हणून आत डोकावून फोटो काढू नका. दारावर चिनीत पाटी असेल तर ती बहुधा "खासगी घर, आत येऊ नये" अशीच असते. शेवटची सम्राज्ञी वानरोंग हिचं माहेर माओअर हुतोंगमध्ये ३५ आणि ३७ नंबरला आहे. १९२२ मध्ये शेवटचा सम्राट पुयी याच्याशी लग्न होऊन ती इथूनच राजवाड्यात गेली. तेही बाहेरूनच बघायचं.

आतून घर बघायचंच असेल तर यूअर हुतोंग १३, चित्रकार ची बाइशी यांचं घर. सोमवारी बंद असतं. पन्नास पावलं मागे ढकलाढकली चालू असते आणि या चौकात चिटपाखरू नाही! सगळा शीण तिथे गेला. एकच जागा करायची असेल तर हीच करा.

जूअर हुतोंगमध्ये १९९० च्या सुमारास वास्तुकार वू लिआंगयोंग यांनी मोडकळीला आलेल्या घरांच्या जागी दोन-तीन मजली नवी घरं बांधली, चौकाभोवतीच. जुनी घरं पाडावीत की राखावीत यावर वाद घालणाऱ्या आपल्या मंडळींनी ती जरूर बघावीत.

सकाळी नऊच्या आत पोचा आणि उत्तरेकडून सुरुवात करा. अलीपे या पैसे भरायच्या चिनी ॲपवर कार्ड भारतातूनच जोडून ठेवा, तिथे ओटीपीची कटकट होते. गूगल मॅप्स धरून चालू नका. अनेक घरांत स्वतःचं शौचालय नाही, त्यामुळे गल्लोगल्ली सार्वजनिक शौचालयं आहेत, फुकट आणि स्वच्छ. कागद मात्र आपला न्या. शाकाहारींनी खाऊन निघावं.

परतताना दक्षिण टोकाच्या मेट्रोकडे वळू नका, तिथे पुन्हा तीच गर्दी लागते. जूअरच्या पूर्व टोकाने मोठ्या रस्त्याला लागा. ५ नंबर लाइनचं बेईशिनछ्याओ स्टेशन तिथून चालत गाठता येतं.