चेनस्टेला चीर गेली, आता फ्रेम कुठली घ्यायची

गेल्या महिन्यात रविवारी संध्याकाळी व्हिसलरहून (कॅनडातलं डोंगरी सायकलिंगचं पार्क) परत आले आणि नेहमीसारखी पार्किंगमध्ये बादली घेऊन माझी डाउनहिलची, म्हणजे डोंगरावरून खाली उतरायची, सायकल धुवायला बसले. उजव्या चेनस्टेवर (पेडलपासून मागच्या चाकापर्यंत जाणारी नळी), पिव्होटच्या म्हणजे मागची बाजू हलते त्या सांध्याच्या जरा पुढे, एक काळी रेघ दिसली. केस चिकटलाय वाटलं म्हणून ओल्या फडक्याने पुसलं, गेला नाही. मग नख फिरवलं तर नख अडकलं. सीटवर जोर देऊन मागची बाजू दाबली तेव्हा ती रेघ किंचित उघडली आणि आतून साबणाचा फेस बुडबुडत बाहेर आला. मी तिथेच ओल्या फरशीवर बसून राहिले, कारण त्याच दुपारी मी ए-लाइनवर, म्हणजे तिथल्या उड्यांच्या ट्रेलवर, पाच वेळा त्या फ्रेमवरून उड्या मारल्या होत्या.

दोन आठवडे कुरकुर आवाज येत होता हो, आणि मी पिव्होटचे बेअरिंग गेले असतील म्हणून ते सगळे बदलले, तरी आवाज गेला नाही तेव्हाच फ्रेम नीट बघायला हवी होती. तुमच्याही सायकलचा आवाज बेअरिंग बदलून जात नसेल तर आधी सगळ्या वेल्डवर नख फिरवून बघा, मग बाकीचं.

पहिला फोन मामाला केला. मामाचं भोसरीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, लहानपणी सुट्टीत मी तिथेच पडीक असायचे. फोटो पाठवला आणि विचारलं, मामा, टिग वेल्डिंग करून चालेल का? तर म्हणाला, "अगं वेल्ड होईल की, दहा मिनिटांचं काम आहे. पण त्याच्या बाजूचं मटेरिअल मऊ पडेल त्याचं काय? परत हीट ट्रीटमेंट कोण करून देणारे तुला तिकडे?" फ्रेम ६०६१ अॅल्युमिनियमची, टी-सिक्स. म्हणजे कारखान्यात वेल्ड झाल्यावर पूर्ण फ्रेम साधारण ५३० डिग्रीला तापवून विझवतात आणि मग कमी तापमानाच्या भट्टीत तासन्तास ठेवतात, तेव्हा तिला ती ताकद येते. नुसता टाका मारला की टाका राहतो आणि शेजारून परत तुटतं. मामा शेवटी एवढंच म्हणाला, "उतारावर तुटलं तर सायकल राहू दे, तू कुठे जाशील?" वेल्डिंगचा विषय तिथेच संपला.

वॉरंटी कधीच संपलेली. कंपनीने (नाव लिहीत नाही) सवलतीत नवीन मॉडेलची फ्रेम देऊ केली, ऐकायला छान वाटलं, पण त्या फ्रेमला माझ्याकडचं जवळजवळ काहीच बसत नव्हतं. माझा फोर्क (पुढचं चाक धरणारा सस्पेन्शनचा भाग) २७.५ इंची चाकाचा, त्यांना २९ चा पाहिजे. शॉकचं (मागच्या सस्पेन्शनचं) माप वेगळं, बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दांड्यांचा, म्हणजे क्रँकचा आस बसतो ती जागा) ७३ मिलिमीटरचा म्हणजे माझे क्रँकही गेले. नुसता नवीन डबल क्राउन फोर्कच दोन हजार डॉलरच्या पुढे जातो, वर पुढचं चाक. स्वस्त फ्रेम म्हणता म्हणता पूर्ण सायकल विकत घेतल्यासारखं झालं असतं.

म्हणून मी एक केलं. फ्रेम बघायच्या आधी सायकल पूर्ण खोलली, व्हर्नियर घेतला आणि प्रत्येक माप वहीत लिहून काढलं. मागचा हब १५७ बाय १२ मिलिमीटर. बॉटम ब्रॅकेट ८३, आट्यांचा. स्टीअरर (फोर्कची फ्रेममध्ये जाणारी नळी) टेपर्ड. शॉक बोल्टच्या मध्यापासून मध्यापर्यंत २४१ आणि स्ट्रोक (शॉक किती दाबला जातो ते) ७६, म्हणजे जुन्या इंची मापात साडेनऊ बाय तीन. हल्लीच्या बऱ्याच डाउनहिल फ्रेमना मेट्रिक २५० बाय ७५ लागतो, आणि हा नऊ मिलिमीटरचा फरक कुठल्याही वॉशरने भरून निघत नाही. ही वही हातात आल्यावर मला कळलं की मी फ्रेम निवडत नव्हते, घरात पडलेला फोर्क, चाकं आणि क्रँक फ्रेम निवडत होते, आणि एकदा ते मान्य केलं की यादी झटकन छोटी होते.

आता चाकाचं. सगळे म्हणतात २७.५ संपलं. २०१७ ला डाउनहिल रेसर ग्रेग मिनार २९ च्या व्ही-टेनवर (सांता क्रूझ कंपनीची डाउनहिल सायकल) फोर्ट विल्यमचा वर्ल्ड कप जिंकला तेव्हापासून सगळे मोठ्या चाकाकडे गेले, मग २०१९ पासून यूसीआयने (जागतिक सायकलिंग संघटना) पुढे २९ आणि मागे २७.५ चालवायला परवानगी दिली आणि आता तेच सगळीकडे दिसतं. मोठं चाक दगडांवरून सरळ निघून जातं हे खरंच आहे, मी चालवून बघितलंय. पण मिनार सहा फुटाच्या वर आहे आणि मी पाच फूट दोन इंच. मैत्रिणीच्या पूर्ण २९ वर व्हिसलरमधल्या गर्बान्झोच्या उतारावर मी मागे सरकले तर मागचा टायर घासला, शॉर्टचा कपडा फाटला, आणि त्यानंतर उतार आला की शरीर आपोआप पुढेच राहायला लागलं, जे डाउनहिलमध्ये सगळ्यात वाईट. बुटक्या रायडरसाठी मागचं छोटं चाक ही फॅशन नाही, गरज आहे. पुढे २९ असतं तर मला आवडलंच असतं, पण परत फोर्कचा खर्च. असेगाय आणि मिनियनसारखे टायर अजून २७.५ मध्ये मिळतात, तोपर्यंत मला काळजी नाही.

हाय पिव्होटचाही (मागच्या बाजूचा सांधा वर असलेली फ्रेम) विचार केला. रेसर आमोरी पिएरोन २०१८ ला कमोंसाल कंपनीच्या सुप्रीमवर पूर्ण सीझनचा वर्ल्ड कप घेऊन गेला तेव्हापासून त्याची क्रेझ आहे. धक्का आला की मागचं चाक वर जाताना थोडं मागेही जातं म्हणून मुळांवर, चौकोनी दगडांवर सायकल अडखळत नाही, हे मित्राची सायकल एक रन चालवल्यावर लगेच जाणवतं. पण त्यात चेन आयडलरवरून (जास्तीची छोटी दातेरी चक्री) जाते, तो स्वच्छ ठेवावा लागतो, आणि इथे नॉर्थ शोअरच्या पावसात आठ महिने चिखल असतो. शिवाय मला ती सायकल पुढून उचलायला जड वाटली. माझं वजन ५४ किलो आहे, ते पण धरा.

शेवटी सापडली ती जुन्या पिढीची व्ही-टेन, कार्बन, २७.५, साइझ स्मॉल. स्मॉल डाउनहिल फ्रेम सेकंडहँडमध्ये मिळणं म्हणजे सुईच्या टोकावर राई, आल्या दिवशी जातात. मी ऑफिसमधून सुटून थेट स्क्वामिशला गेले, वही आणि टॉर्च घेऊन. विकणाऱ्याला आधीच सांगितलं होतं की शॉक काढून ठेव, डाउनट्यूबखालचं रबरी गार्डही काढ. कारण कार्बनला दगड लागतो तो तिथेच आणि गार्डखाली काय लपलंय ते वरून दिसत नाही. नाण्याने पूर्ण डाउनट्यूबवर टिचक्या मारत गेले, चांगल्या कार्बनचा आवाज टणक येतो आणि आतून थर सुटले असतील तर बद्द. सगळीकडे टणक आला. एका जागी लाख उडाली होती, तिथे टॉर्च धरून बघितलं तर वरचा थर फक्त, खालचे धागे शाबूत. मग खालची लिंक (मागची बाजू जोडणारा हलता तुकडा) हाताने धरून इकडेतिकडे हलवली, थोडा खेळ होता, बेअरिंग बदलायला लागणार म्हणून पैसे कमी करून घेतले. चौदाशे डॉलर. वॉरंटी मला मिळणार नाही कारण ती पहिल्या मालकालाच असते, हे डोक्यात ठेवूनच भाव केला.

जुळवाजुळव दोन संध्याकाळी चालली. फोर्क, चाकं, क्रँक, सगळं बसलं. शॉक बसला पण त्याचे बुशिंगचे स्पेसर वेगळ्या रुंदीचे लागले, ते मागवले. खालच्या लिंकमध्ये ग्रीस भरायचा निपल आहे, तिथून जुनं काळं ग्रीस निघून नवीन पांढरं दिसेपर्यंत पंप मारला, फार समाधान वाटलं.

एक गोष्ट मात्र बहुतेक जण विसरतात, ती स्प्रिंग. जुन्या फ्रेमला ट्रॅव्हल (मागचं चाक किती वर जातं ते) २०० होता, हिला २१६ आहे, शॉकचा स्ट्रोक दोन्हीकडे तोच ७६. म्हणजे आधी २.६३ ला एक असं प्रमाण होतं ते २.८४ झालं, तीच स्प्रिंग आता मऊ पडणार. माझी २७५ ची (पौंड प्रति इंच) होती, हिशोब केला तर २९७ आला, म्हणून ३०० ची घेतली. काल रात्री पूर्ण गिअर घालून, हेल्मेटसकट, रूममेटला हँडल धरायला लावून पेडलवर उभी राहिले आणि तिने टेपने शॉकचं माप घेतलं, २४१ चे २१८ झाले. २३ मिलिमीटर, स्ट्रोकच्या तीस टक्के, जसं पाहिजे तसं.

शनिवारी व्हिसलर. आधी सोप्या ट्रेलवर दोन रन, मग खाली उतरून सगळे बोल्ट परत टॉर्क रेंचने तपासणार, आणि त्यानंतरच ए-लाइन.