माहितीच्या अर्जापासून अपिलापर्यंत: माझा अनुभव

गोव्यातल्या आमच्या वाड्यावरच्या, म्हणजे गावातल्या आमच्या वस्तीवरच्या, झरीच्या वर, डोंगराच्या उतरणीवर बांधकाम सुरू झाले, तेव्हा पंचायतीने परवाना कशाच्या आधारे दिला हे ग्रामसभेत विचारूनही कळले नाही. वाड्यावर हिंदू आणि कॅथलिक अशी दोन्ही घरे आहेत. उत्तर मिळेना तशी ‘पंच (पंचायत सदस्य) अमक्यांचा आहे म्हणून परवाना मिळाला’ अशी कुजबुज दोन्हीकडून सुरू झाली. मला त्या बांधकामापेक्षा या कुजबुजीचीच जास्त धास्ती वाटली.

म्हणून माहिती अधिकार कायदा, २००५ खाली मी पंचायत सचिवांकडे अर्ज केला. परवाना, जागेचा पाहणी अहवाल आणि ग्रामसभेचे इतिवृत्त, एवढ्याच प्रती मागितल्या. माहिती कशासाठी हवी हे अर्जदाराला विचारता येत नाही, ही कायद्यातील तरतूद मला फार मोलाची वाटते, कारण छोट्या गावात ‘तुला कशाला हवे?’ या एका प्रश्नानेच माणूस मागे फिरतो.

तीस दिवसांची मुदत उलटली तरी उत्तर आले नाही, तेव्हा गटविकास अधिकाऱ्यांकडे पहिले अपील केले. सुनावणीत सचिव आणि मी शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसलो होतो. अधिकाऱ्यांनी दोघांचेही म्हणणे लिहून घेतले आणि मुदत टळल्यामुळे कायद्यानुसार सर्व प्रती विनामूल्य देण्याचा आदेश दिला. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच हाती निवाडा नव्हता, हे मला महत्त्वाचे वाटले.

गोव्याने हे तत्त्व फार मोठ्या प्रश्नावर पाळलेले आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली. आमच्या घरातली मते विलीनीकरणाच्या ‘फूल’ या चिन्हावर पडली होती, म्हणजे आम्ही हरलो. पण कौल निःपक्षपातीपणे व्हावा म्हणून मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचे विलीनीकरणवादी मंत्रिमंडळ त्याआधीच पायउतार झाले होते, आणि त्यामुळे निकालावर पक्षपाताचा आरोप करायला आमच्या वडीलधाऱ्यांना जागाच उरली नाही. मराठीवरचे प्रेम तसूभरही कमी न करता त्यांनी तो मानला.

प्रती हाती आल्या. पाहणी अहवालात झरीचा उल्लेखच नव्हता. इतिवृत्तात मात्र शेजारच्या आजींचा प्रश्न जसाच्या तसा नोंदवलेला होता: ‘मे महिन्यात पाणी आटले तर जबाबदार कोण?’ खाली देवनागरी आणि रोमी अक्षरांतल्या सह्या एकाखाली एक होत्या.

पुढच्या ग्रामसभेत मी अहवाल वाचून दाखवला. पंच कुणाचा, हा विषय त्या दिवशी निघालाच नाही. झर नोंदीत का नाही, यावरच सगळे बोलले आणि फेरपाहणीचा ठराव झाला. परवाना रद्द होईलच असे नाही, कदाचित तो नियमात बसणाराही ठरेल. फेरपाहणीची तारीख मागणारे पत्र आम्ही पंचायतीला दिले आहे आणि त्यावर वाड्यावरच्या दोन्ही समाजांतल्या लोकांनी सह्या केल्या आहेत.