परवाना नाही म्हणून अर्जच घेईनात

मी भुसावळचा. यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावर, अल्पदृष्टी, 40 टक्के. गाडी चालवायचा परवाना मला या जन्मात मिळायचा नाही आणि मिळूही नये, रस्त्यावरच्या लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे. पण टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर मला येतं, अक्षरं मोठी केली की मालवाहतुकीची ई-वे बिलं दिवसभर काढतो.

जळगाव एमआयडीसीत चटईच्या एका कारखान्यात बिलिंगची जागा निघाली. खाली ओळ होती, ‘दुचाकी व परवाना आवश्यक’. काम खुर्चीत बसून करायचं. मी रोज रेल्वेच्या पासावर जळगावला येणार, पुढे रिक्षा. फोन केला तर म्हणाले, “परवाना नाही ना भाऊ, मग अर्ज नका आणू.”

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मी आधी वाचलेला होता. कलम 20 सरकारी नोकऱ्यांपुरतं आहे, तिथे वेळ घालवू नका. खासगीवाल्यांसाठी कलम 21 धरा. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण करून जाहीर करायचं असतं, आणि 20 किंवा जास्त माणसं असतील तर दिव्यांगांना कोणती पदं योग्य, हेही त्यात लिहावं लागतं. मी तेच धोरण मागणारा अर्ज लिहिला. सोबत विचारलं, या कामात गाडी नेमकी कुठे लागते?

अर्ज लिहायला एक संध्याकाळ लागली. त्याची पोच मिळवायला चार फेऱ्या!

पहिल्या दिवशी वॉचमन म्हणाला, “साहेब जेवाले गेले.” तीनपर्यंत उन्हात उभा राहिलो, साहेब आलेच नाहीत. दुसऱ्या फेरीला क्लार्कने कागद हातात घेतला, वाचला आणि परत दिला. “आमच्याकडे शिक्का मारायची पद्धत नाही.” मी म्हणालो, नुसती सही आणि तारीख द्या. “सही करायचा मला अधिकार नाही.” अधिकार कोणाला? “मॅडमला.” तिसऱ्यांदा गेलो तर मॅडम मीटिंगमध्ये. चौथ्यांदा त्या भेटल्या, गोड बोलल्या, “ठेवून जा, बघतो आम्ही.” ठेवून गेलो असतो तर अर्ज दिल्याचा काय पुरावा राहिला असता? चारही वेळा भाडं मोडलं, घरी परतताना डोकं भणभणायचं. अजूनही आठवलं की संताप येतो. हे मी पहिल्याच दिवशी पोस्टात जाऊन करायला हवं होतं.

शेवटी स्पीड पोस्टानेच पाठवला. एक प्रत पुण्याला राज्य दिव्यांग आयुक्तांकडे, कलम 80खाली त्यांना अशा तक्रारीत लक्ष घालता येतं. कंपनीच्या प्रतीवर खाली ‘प्रत आयुक्तांना’ असं ठळक लिहा, हे महत्त्वाचं.

हो, जाहिरातीचा फोटो आधीच काढून ठेवा. माझ्या वेळी ती नंतर काढून टाकली होती. आणि पद ड्रायव्हरचं किंवा गावोगाव फिरून वसुलीचं असेल तर भांडू नका. कलम 3 मध्येच आहे, योग्य उद्देशासाठी गरजेपुरती अट असेल तर तो भेदभाव ठरत नाही.

नवव्या दिवशी त्याच मॅडमचा फोन आला. “दादा, टेस्टला या.” टेस्ट टॅलीवरच झाली, मी मागितल्याप्रमाणे मोठा मॉनिटर लावून दिला होता. आता दोन महिने झाले, तिथेच बिलं काढतोय. परवा नवी जाहिरात लागली, त्यात परवान्याची अट फक्त वसुलीच्या जागेपुढे आहे.