सिमेंटच्या तावडीतला चिरा

इंग्लंडमध्ये चर्चची पाहणी दर पाच वर्षांनी वास्तुतज्ज्ञाकडून होते. लोकांना वाटतं आम्ही रंगीत काचा न्याहाळतो. प्रत्यक्षात अर्धा दिवस पन्हळी तुंबल्यात का ते बघण्यात जातो.

डरहॅम परगण्यातल्या एका खेड्यातल्या चर्चची दुरुस्ती चालू होती. परांचीवर चढले तर उत्तरेच्या भिंतीतल्या एका चिऱ्यात खाच दिसली: तोंडाशी अरुंद, आत रुंद. रोमन कारागीर अशा खाचेत लोखंडी पाचरी अडकवून दगड उचलत. म्हणजे ती चिऱ्याच्या माथ्यावर हवी. इथे ती बाहेर तोंड करून होती. कुणीतरी रोमन इमारतीचा चिरा आणून कुशीवर बसवला होता.

या भागात हे नवं नाही. जवळच्या एस्कॉमचं सातव्या शतकातलं चर्च बिंचेस्टरच्या रोमन किल्ल्याच्या दगडांतून उभं राहिलं. तिथे सहाव्या रोमन सैन्यदलाचं नाव कोरलेला चिरा चक्क उलटा आहे. उंच, अरुंद सभागृह, आत रुंदावत जाणाऱ्या लहान खिडक्या, कमानीच्या बाजूंना एक चिरा उभा, एक आडवा. आयता घडीव दगड मिळाला, त्याच्या मापाने त्या पाथरवटांनी आपली रीत बसवली. याला उसनवारी म्हणणाऱ्यांशी मी भांडते.

आमच्या चिऱ्याभोवती मात्र विसाव्या शतकातल्या कुणा शहाण्याने सिमेंटने दरजा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी, भरल्या होत्या. भिंतीतली ओल चुन्याच्या दरजांतून निघून जाते. सिमेंट तिला अडवतं, मग ती दगडातून वाट काढते, क्षार फुलतात, थंडीत पाणी गोठतं आणि वालुकाश्माचे पापुद्रे सुटतात. सिमेंट शाबूत, दगड खोल गेलेला! अशी दुरुस्ती करणाऱ्यांचा मला अजून संताप येतो.

ठेकेदाराच्या माणसाला ग्राइंडर लावायचा होता. मी नाही म्हटलं. हातछिन्नीने बाकीच्या दरजा मोकळ्या झाल्या, आत कोळशाचे कण असलेला जुना चुना सापडला. पण खाचेच्या चिऱ्याला सिमेंट इतकं चिकटलं होतं की पहिल्याच घावाला कडेची कपची उडाली. मी काम थांबवलं. तेवढं सिमेंट तसंच ठेवलं.

ते ठेवलं तर चिरा दर हिवाळ्यात झिजणार, काढलं तर आत्ताच फुटणार. आपल्याकडे किल्ल्यांवर, वाड्यांवर चुन्याचं काम करणाऱ्यांपैकी कुणी मऊ दगडाची कड न दुखावता सिमेंट सोडवलं असेल, तर ती रीत मला जरूर सांगा.