एकशे ऐंशी दिवसांची मुदत

मी पुण्यात राहतो आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळावर शुभंकरांचा, म्हणजे मनोरुग्णांची काळजी घेणाऱ्यांचा, प्रतिनिधी म्हणून काम करतो. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने या मंडळात न्यायिक सदस्य, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी आणि डॉक्टर यांच्या बरोबरीने रुग्णांना व त्यांची काळजी घेणाऱ्यांनाही जागा दिली. एका शासकीय मनोरुग्णालयाच्या तपासणीला आम्ही गेलो होतो, तेव्हा त्या जागेचा उपयोग काय, हे मला नीट कळले.

पाहणी अपेक्षेपेक्षा बरी चालली होती. स्वयंपाकघर स्वच्छ होते, औषधांचा साठा नोंदींशी जुळत होता आणि कोणाचेही केस सक्तीने कापलेले दिसले नाहीत. कायद्याने ते निषिद्ध केले आहे, हे तेथील परिचारिकांनीच आम्हाला सांगितले. अडचण दिसली ती कागदपत्रांत, तीही ते अपुरे होते म्हणून नव्हे. रुग्णाच्या संमतीविना तीस दिवसांपेक्षा अधिक काळ दाखल ठेवायचे असेल, तर मंडळाची परवानगी लागते. ती आधी नव्वद, मग एकशे वीस आणि त्यानंतर प्रत्येक वेळी एकशे ऐंशी दिवसांपर्यंत मिळू शकते. स्त्रियांच्या विभागातील एका फायलीत या मुदतवाढीचे अर्ज क्रमाने लावलेले होते आणि प्रत्येकात एकच वाक्य होते: ‘रुग्ण सुधारलेली असून नातेवाईक नेण्यास तयार नाहीत.’ पहिल्या अर्जात ‘नातेवाईक’ची वेलांटी चुकली होती, ती शेवटच्या अर्जापर्यंत तशीच उतरली होती.

न्यायिक सदस्यांनी अधीक्षकांना विचारले, की सुधारलेली व्यक्ती या कलमाखाली दाखल राहतेच कशी? गंभीर आजारामुळे स्वतःला वा इतरांना इजा होण्याचा धोका असणे, किंवा स्वतःची काळजी घेता न येणे, ही कायद्यातली कारणे आहेत. नातेवाइकांची नाराजी त्यांत बसत नाही. उलट कलम 19 म्हणते, की केवळ कुटुंबाने नाकारले, घर नाही किंवा समाजात सोय नाही म्हणून कोणालाही संस्थेत ठेवता येणार नाही, आणि ती सोय करणे शासनाचे काम आहे. अधीक्षक ओशाळले नाहीत, आणि मला त्यांचा राग आला नाही. ‘पाठवू कुठे, ते सांगा,’ एवढेच ते म्हणाले.

नातेवाइकांना पाठवलेली पत्रे मी चाळली. ती सर्व पुण्यातल्या एका पेठेतल्या वाड्याच्या पत्त्यावर गेली होती आणि टपाल खात्याचा शेरा घेऊन परत आली होती. तो वाडा मला ठाऊक होता; तो पाडून तिथे केव्हाच इमारत उभी राहिली आहे. नसलेल्या वाड्याकडून उत्तर आले नाही, त्याचा अर्थ फायलीत ‘नातेवाईक तयार नाहीत’ असा लागला होता.

त्या बाईंना आम्ही बोलावून घेतले. भाऊ सापडला तर त्याच्याकडे जायला आवडेल का, असे डॉक्टर सदस्यांनी विचारल्यावर त्या थोड्या वैतागूनच म्हणाल्या, ‘भावाचा संसार आहे, मी तिथे कशाला जाऊ? मला शिवण येतं, इथल्या चादरी मीच शिवते. मला खोली हवी आणि मशीन हवं.’ हा प्रश्न त्यांना पूर्वी कोणी विचारल्याची नोंद फायलीत नव्हती. चादरींच्या मजुरीचीही नव्हती, आणि संस्थेत केलेल्या कामाचा मोबदला हा कायद्याने दिलेला हक्क आहे.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2023 मध्ये ग्वाल्हेर, आग्रा व रांची येथील भेटींनंतर देशभरातील 46 शासकीय संस्थांच्या स्थितीवर ताशेरे ओढले, तेव्हा बरे झालेल्यांना डांबून ठेवणे हा त्यातला एक ठळक मुद्दा होता. अशा अहवालांतून छत, गाद्या आणि रिक्त पदे यांचा पाठपुरावा होतो, कारण ती मोजता येतात. ठरावीक वाक्य लिहून लांबवलेला मुक्काम मात्र तपासणीच्या तक्त्यात ‘परवानगी आहे’ या रकान्यात सुखाने बसतो. माझ्या मते देखरेखीचा खरा कस तिथेच लागतो.

मंडळाने मुदतवाढ नाकारली. जागा मिळेपर्यंत त्यांना स्वेच्छेने राहणाऱ्या रुग्णाचा दर्जा द्यावा, म्हणजे बाहेर जाण्या-येण्याला त्यांच्या संमतीपलीकडे काही लागणार नाही. समाजसेवा अधीक्षकांनी आधार कार्ड आणि बँक खाते करून द्यावे. मागील मजुरीचा हिशेब मांडावा. आणि निवासाची सोय कोण, कोणत्या तारखेपर्यंत करणार, हे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या प्रतिनिधीने लेखी कळवावे, असा आदेश झाला. त्यापुढच्या सुनावणीला आधार कार्ड आणि खाते दोन्ही तयार होते, मजुरीचा हिशेबही आला होता. निवासाबाबत ‘कार्यवाही सुरू आहे’ असे उत्तर होते. ते न्यायिक सदस्यांनी फेटाळले आणि संबंधित अधिकाऱ्याने पुढच्या तारखेला स्वतः हजर राहावे, असे नोंदवले.