एका यंत्राच्या तीन ओळखी

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात २४ नवे सर्व्हर उभे करण्याचे काम आमच्याकडे होते. रॅकमध्ये यंत्र चढवून वीज आणि केबल जोडली, की पुढचे सारे आपोआप व्हावे, अशी रचना होती : यंत्राने नेटवर्कवरून बूट व्हावे, पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडून आयपी पत्ता घ्यावा, उबुंटूचा इन्स्टॉलर उतरवून घ्यावा, डिस्कवर ऑपरेटिंग सिस्टिम बसली की पुन्हा सुरू व्हावे आणि शेवटी मिळालेला पत्ता आमच्या यादीत नोंदवावा. चार-चार यंत्रांच्या तुकड्या करून हे काम सकाळपासून सुरळीत चालले होते. विसावा सर्व्हर यादीत आला आणि पुढच्या तुकडीतील चारही यंत्रे ‘पीएक्सई-ई१६’ हा संदेश दाखवून थांबली. पत्त्याची ग्राह्य ऑफर कोणाकडूनच आली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

अशा वेळी संशयाची सुई आधी केबलकडे आणि स्विचकडे वळते. कारखान्याच्या नेटवर्क विभागाचे प्रमुख स्पॅनिंग ट्रीवर (नेटवर्कमधील फेरे टाळणाऱ्या स्विचच्या यंत्रणेवर) बोट ठेवत होते, आणि तो संशय गैर नव्हता : जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीमध्ये पोर्ट जागे झाल्यावर १५ अधिक १५ अशी ३० सेकंदे पुढे काहीच सोडत नाही आणि तेवढ्यात बूट होणारे यंत्र कंटाळून नाद सोडते. परंतु या पोर्टांवर ही प्रतीक्षा टाळणारे पोर्टफास्ट चालू होते. शिवाय अडलेल्या यंत्राची केबल आधी चाललेल्या पोर्टात लावूनही फरक पडला नाही. म्हणून डीएचसीपी सर्व्हरवरच टीसीपीडम्प हे वाहतूक टिपणारे साधन लावून ६७ आणि ६८ या डीएचसीपीच्या पोर्टांवरची वाहतूक पाहिली. पत्ता मागणारे डिस्कव्हर संदेश व्यवस्थित पोहोचत होते; उत्तरादाखल ऑफर मात्र जात नव्हती. म्हणजे रस्ता मोकळा होता, देणाऱ्याकडेच शिल्लक नव्हती.

वाटायच्या पत्त्यांचा साठा, म्हणजे पूल, ६० पत्त्यांचा होता आणि यंत्रे २४, त्यामुळे तो संपेल असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. आम्ही किआ हा डीएचसीपी सर्व्हर वापरत होतो. त्याची लीजची, म्हणजे ठरावीक मुदतीने दिलेल्या पत्त्यांची, फाइल उघडल्यावर माझा परभणीचा सहकारी ओळींवरून बोट फिरवत म्हणाला, “सर, एकाच मॅकला तीन-तीन आयपी कामून भेटायलेत?”

प्रश्न नेमका होता. प्रत्येक यंत्राच्या नावे तीन ओळी होत्या. मॅक पत्त्याचा (नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाचा) रकाना तिन्हींत एकच, पण क्लायंट आयडीचा (पत्ता मागणारा स्वतःची जी ओळख सांगतो तिचा) रकाना वेगवेगळा. पहिल्या ओळीत ०१ आणि त्यापुढे मॅक पत्ता, ही आयपीएक्सई या बूट लोडरची ओळख. उरलेल्या दोन ओळी ‘एफएफ’ने सुरू होत होत्या आणि त्यांत पुढे ‘००:०२:००:००:एबी:११’ हा तुकडा होता. ही उबुंटूतील नेटवर्क सांभाळणाऱ्या सिस्टिमडी-नेटवर्कडीची खूण. तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या मशीन-आयडीवरून स्वतःचा डीयूआयडी, म्हणजे ओळखक्रमांक, तयार करतो. इन्स्टॉलरचा मशीन-आयडी त्या बूटपुरता, तर डिस्कवर बसलेल्या सिस्टिमचा निराळा. १९९७ च्या आरएफसी २१३१ या डीएचसीपीच्या मानकानुसार यंत्राने क्लायंट आयडी पाठवला असेल तर लीज त्याच्याच नावे बांधायची असते. त्यामुळे सर्व्हरच्या लेखी हे तीन वेगळे ग्राहक होते, आणि त्यांपैकी पहिले दोन जाताना पत्ता परत करत नव्हते. लीज २४ तासांची. २० यंत्रांनी प्रत्येकी तीन पत्ते घेतले, की ६० चा हिशेब पुरा होतो. आमच्या यादीत केवळ शेवटचा पत्ता नोंदला जात असल्यामुळे तोवर कोणालाही काही खटकले नव्हते.

(व्हर्च्युअल मशीनच्या बाबतीत याच्या अगदी उलट प्रकार घडतो : साच्यातला मशीन-आयडी न पुसता प्रती काढल्या, तर सगळ्या प्रती एकच ओळख सांगतात आणि एकाच पत्त्यावरून भांडत बसतात.)

पूल वाढवावा, असे नेटवर्क प्रमुखांचे म्हणणे पडले. त्याने ती चार यंत्रे उभी राहिली असती, पण यंत्र पुन्हा इन्स्टॉल केले की दर खेपेला आणखी दोन पत्ते अडकले असते. त्याऐवजी आम्ही किआमध्ये ‘मॅच-क्लायंट-आयडी’ ही सेटिंग ‘फॉल्स’ केली, म्हणजे सर्व्हर फक्त मॅक पत्त्यावरून यंत्र ओळखतो. उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगमध्ये, म्हणजे नेटप्लॅनमध्ये, ‘डीएचसीपी-आयडेंटिफायर’ची किंमत ‘मॅक’ ठेवूनही हे साधले असते. मात्र तो बदल इन्स्टॉलरच्या प्रतिमेतही करावा लागला असता. नेटवर्क कार्ड बदलले की पत्ता बदलेल, ही मॅकवर विसंबण्याची उणीव खरी, पण कार्ड रोज बदलत नाही.

सेटिंग बदलल्याने जुन्या लीज आपोआप सुटत नाहीत. म्हणून सेवा थांबवून, यादीतल्या चालू पत्त्यांशी एकेक ओळ ताडून पाहत, पहिल्या दोन टप्प्यांच्या नोंदी काढून टाकल्या. त्यानंतर उरलेली चारही यंत्रे बूट होऊन इन्स्टॉलरमधून बाहेर पडेपर्यंत आपापल्या एकाच पत्त्यावर राहिली. नव्या सर्व्हरांच्या व्हीलॅनवर (नेटवर्कच्या वेगळ्या विभागावर) लीजची मुदत आम्ही एक तासावर आणली. प्रमुखांनी पूल वाढवलाच. त्याला आमची हरकत नव्हती.